पांढरीच्या निकम बाई

निकम बाईंच्या शोकसभेत सगळे गोड बोलले. इतकं गोड, की बाई समोर बसलेल्या असत्या तर अर्ध्यातच पिशवी उचलून निघून गेल्या असत्या. नाशकातल्या एका वाचनालयाचं वरचं सभागृह, हार घातलेला फोटो, उदबत्ती. कुणी म्हणालं, बाईंनी पुरातत्त्व सामान्य माणसाच्या अंगणात आणून ठेवलं. कुणी म्हणालं, लोकसहभाग म्हणजे काय ते बाईंकडून शिकावं. माझी पाळी आली तेव्हा सूत्रसंचालन करणारे गृहस्थ माझ्या कानाशी वाकले. ‘मॅडम, दोन मिनिटं. आणि जरा पॉझिटिव्ह.’

मी उठले, फोटोला नमस्कार केला आणि परत खाली बसले. माणूस गेलं की त्याच्याबद्दल खोटं बोलायची आपल्याकडे रीत आहे. ती मला मान्य नाही. म्हणून तिथे जे बोलले नाही ते इथे लिहिते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सगळीकडे सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. आमचं गाव चांदवडच्या बाजूचं, हायवे सोडून आत. आईवडील कांद्यात. मी बी.एड. करून नाशकातल्या एका शाळेत लागले तेव्हा निकम बाई तिथे इतिहास शिकवत होत्या आणि निवृत्तीला टेकल्या होत्या. बुटक्या, सावळ्या, आवाज मात्र मैदानभर जाणारा. अंगावर सुती साडी आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. हेडमास्तरांनी एकदा बुटांवरून टोकलं, तर म्हणाल्या, ‘सर, साडी शाळेसाठी आहे. बूट माझ्यासाठी.’ मूळच्या सटाण्याकडच्या. बोलायच्या शुद्ध, पण चिडल्या की तोंडातून अहिराणी निघायची. पोराने वहीत भलतंच काही लिहिलं की ‘हाई काय शे रे?’ शेजारच्या वर्गातही ऐकू यायचं.

नाशकात रस्ता कुठे ना कुठे खणलेला असतोच. बाईंना वाटायचं, प्रत्येक खड्डा आपल्यासाठीच खणलाय. रिक्षावाल्याच्या खांद्यावर टकटक करायच्या, ‘थांब रे बाबा जरा,’ आणि उतरून पाइपलाइनच्या चरात डोकावून बघायच्या. एका रिक्षावाल्याने मला काळजीने विचारलं, ‘आजींचं काही पडलं का?’

‘हो,’ मी म्हणाले. ‘लई जुनं पडलंय. अजून सापडंना.’

नव्या माणसाला बाई पहिला प्रश्न विचारायच्या तो गावाचा. मलाही स्टाफरूममध्ये डबा खाताना विचारला. ‘तुझ्या गावाला पांढरी आहे का गं?’

खेड्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. काळी म्हणजे शेताची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. कधीकाळी गाव उठून गेलेलं असतं आणि मागे राखेचा, भिंतींच्या मातीचा, शेणाचा, मोडक्या मडक्यांचा एक उंचवटा राहतो. भुरकट, पांढुरका. त्यालाच आम्ही पांढरी म्हणतो.

‘आहे ना,’ मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ‘नाल्याच्या काठी भली मोठी टेकडी आहे. तिची माती आम्ही शेतात टाकतो. कांदा फुगतो नुसता.’

बाईंचा घास हातातच राहिला. ‘किती उरली आहे?’

‘अर्धी असेल.’

त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि खिडकीतून बाहेर बघत बसल्या. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. ती माती आमच्या वाडवडिलांनी खत म्हणून उचलली. ते खत नाही, दुसरं काही आहे, हे सांगायला आमच्या गावात कुणी आलंच नव्हतं.

एक गोष्ट मला लवकरच खटकायला लागली. बाई सगळ्यांना झापायच्या, मला नाही. गणिताच्या कुलकर्णी सरांनी मोडी कागदावर बोट ठेवलं तर ‘घाम लागतो, हात काढा!’ आणि मी फळ्यावर सन चुकवला तर ‘असू दे, होतं.’ असे काही महिने गेले. मग एकदा मी तडकले. ‘बाई, मलाही झापत जा. मी काय पाहुणी आहे?’

त्या चमकल्या. ‘अगं, तू एवढी लांबून शिकून आलीस...’

‘लांबून तर कुलकर्णी सर पण येतात, पार पंचवटीतून. त्यांना झापता ना?’

हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मला भरपूर झापायला लागल्या. पण ही खोड माझ्यापुरतीच सुटली.

बाई पहिल्यांदा आमच्या गावी आल्या तेव्हा पारावर सगळे पुरुष जमले. दत्तूभाऊ, माझा चुलतभाऊ, नुकताच सरपंच झाला होता. त्याने पहिलाच प्रश्न केला, ‘बाई, तिथं धन हाय का?’

‘आहे की.’

सगळे पुढे सरकले.

‘राख आहे. मोडकी मडकी आहेत. खाऊन टाकलेली हाडं आहेत.’

‘म्हंजे उकिरडाच की!’

‘उकिरडाच. तुझ्या घरामागचा उकिरडा कुणी नीट चाळला, तर तुझ्या घरात काय शिजतं, कुणाला काय दुखतं, कोण काय पितं, सगळं कळेल.’

मागे उभ्या असलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दत्तूभाऊ काय पितो ते गावाला उकिरडा न चाळताच ठाऊक होतं.

हसणाऱ्यांत ताराकाकी होती, माझी चुलती. ती पुढे आली. ‘आन् बाई, ते मणी? पाऊस पडून गेला का वर येत्यात. म्या नातवाच्या करगोट्यात ओवलाय.’ तिने नातवाला समोर उभं करून त्याचा सदरा वर केला. लाल दगडाचा मणी. बाई त्या पोरापुढे गुडघ्यावर बसल्या, चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिल्या. हात लावला नाही.

‘राहू दे. फक्त कुठे सापडला ती जागा दाखव.’

बाईंनी त्या दिवशी ग्रामसभेकडून एकच गोष्ट मागितली. पांढरीची माती उचलायची नाही. का, तेही सांगितलं. ‘ही टेकडी थरांची आहे. सगळ्यात खाली पहिले आलेले लोक, वर त्यांच्या मागून आलेले. थर हलले की सगळं एकजीव. मग तुमचा खापरपणजा कोण आणि त्याचा पाहुणा कोण, ब्रह्मदेवाला कळायचं नाही.’ माझे वडील कुरकुरले, ‘कांदा काय खापरावर पोसायचा?’ पण ट्रॉल्या थांबल्या. कायदा नव्हता, पोलीस नव्हते. शब्द दिला होता, तेवढंच.

मग रविवार सुरू झाले. नाशिकहून एक मिनीबस भरून माणसं यायची. बँकेतली, निवृत्त, कॉलेजची पोरं, हौशी जोडपी. उन्हाळी नांगरट झाली की टेकडीभोवतीच्या शेतांत सगळ्यांना एका ओळीत उभं करायच्या, हाताला हात लागेल इतक्या अंतरावर, आणि मान खाली घालून चालायला लावायच्या. बाईंचे नियम थोडे होते. आधी बघायचं. मग जागेची खूण आणि फोटो. मगच उचलायचं. आणि टेकडीला कुणी टोकदार काही लावायचं नाही. ‘डोळे आपले, फावडं सरकारचं.’ एखाद्याने खापर हातात घेऊन ‘बाई, हे किती वर्षांपूर्वीचं?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं. ‘मी सांगणार नाही. खणल्याशिवाय वय सांगणारा एक तर देव असतो, नाहीतर पुढारी.’

खापरं धुवायचं काम गावातल्या बायकांनी आपणहून घेतलं. कांद्याच्या लाल जाळीच्या गोण्या असतात ना, त्यांत खापरं भरायची आणि विहिरीवरच्या हौदात बुचकळायची. माती निघून जाते, खापर फुटत नाही. मग गोणपाटावर वाळत घालायची. ताराकाकी म्हणायची, ‘सुनंदे, तुझ्या बाईनं आम्हाला मेलेल्यांची भांडी घासाया लावली. जित्यांची घासून झाली नाय अजून!’ पण रविवारी पहिली तीच यायची. एखाद्या तुकड्यावर मडकं घडवणाऱ्याच्या बोटाचा ठसा दिसला की त्यात स्वतःचं बोट ठेवून बघायची आणि सगळ्यांना दाखवत फिरायची. ‘बाईमाणसाचं बोट हाय. बघ, माझंच बसतंय.’

शहरातल्यांशी मात्र बाई निर्दय वागायच्या. गटातल्या एका डॉक्टरांनी आम्हाला घरी चहाला बोलावलं होतं. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात, आत दिवा लावून, एका मडक्याचा अर्धा भाग ठेवलेला. काळं, चकचकीत, फार सुंदर. बाईंनी कप खाली ठेवला.

‘हे कुठलं?’

‘आपल्या पांढरीचंच, बाई. फुटलं असतं हो तिथे.’

‘टेकडीच्या कुठल्या अंगाचं? किती खोलीवरचं? शेजारी काय होतं?’

डॉक्टर हसले. ‘तेवढं नाही लक्षात.’

‘मग आता ही शोभेची वस्तू झाली. तुम्ही तिचा पत्ता खाऊन टाकलात. उद्या तुमचा पेशंट नाव नसलेली, गाव नसलेली एक किडनी घेऊन आला तर काय कराल?’

डॉक्टरांच्या बायकोने पोह्यांच्या बशा तशाच आत नेल्या. आम्ही उपाशी परतलो. आणि हेच डॉक्टर शोकसभेत अंगणाबद्दल बोलत होते.

एवढं सगळं बाई कशासाठी करत होत्या? एका चरासाठी. सरकारी खात्याने पांढरीत एकच चर नीट, थराथराने खणावा. तोवर टेकडी आहे तशी राहावी. बस. त्यासाठी त्यांनी अर्ज केले, खेटे घातले. एकदा एक साहेब आले. टेकडीवर चढले, कमरेवर हात ठेवून चारी बाजूंना बघितलं, ताराकाकीच्या हातचं पिठलं-भाकरी जेवले. जाताना म्हणाले, ‘लोकांचा उत्साह वाखाणण्याजोगा आहे. पाठपुरावा करत राहा.’ गाडी गेल्यावर बाई म्हणाल्या, ‘पाठ त्यांची बघायची, पुरावा आपण द्यायचा.’

अशी वर्षं गेली. बाई केव्हाच निवृत्त झाल्या होत्या, गुडघे धरायला लागले. शहरातली माणसं पांगली, मिनीबस बंद झाली. टेकडी मात्र तशीच होती, आणि ती गावाने राखली होती, बाहेरच्या कुणी नाही. एका बाहेरच्या ट्रॅक्टरवाल्याला माती भरताना दत्तूभाऊने स्वतः हाकललं. पोरं पाहुण्यांना सांगायला लागली, ‘आमचं गाव लय जुनं हाय.’ हा अभिमान बाईंनी पेरला होता. त्याला पुढे काय फळ धरेल ते त्यांनाही कळलं नाही आणि मलाही.

एके दिवशी दत्तूभाऊचा फोन आला. ‘ताई, रविवारी बाईंना घेऊन ये. काय हाय ते सांगत नाय. सरप्राइज हाय.’

मी गाडी ठरवली. गावाच्या वळणावर पहिल्यांदा कमान दिसली. भगवी, सिमेंटची, वर ‘प्राचीन पांढरी स्थळ’ अशी अक्षरं. बाई म्हणाल्या, ‘अरे वा.’ मग कमानीच्या मागे टेकडी दिसायला हवी होती.

टेकडी होती, पण डोकं नसलेली. वरून सपाट केलेली, परातीसारखी. त्यावर रंगीत पेव्हर ब्लॉक, कडेने स्टीलचं रेलिंग, मधे पत्र्याची शेड आणि फायबरची मोठाली मडकी. एका अंगाला उतार कापून पायऱ्या काढलेल्या. आणि फ्लेक्सवर, दत्तूभाऊच्या फोटोहून मोठा, बाईंचा फोटो. ‘आमच्या मार्गदर्शक.’

सगळं गाव आलं होतं. लग्नाला येतं तसं. ताराकाकी नवी साडी नेसून धावत आली आणि तिने बाईंचे दोन्ही हात धरले. ‘बाई, मजूर लावला नाय! आम्ही बायांनी पाट्या वाहिल्या. शाळेच्या पोरांनी पाणी मारलं. जेशीबी फकस्त वरचं काढाया. जुनं सगळं खाली तसंच हाय.’

बाईंनी विचारलं, ‘काढलेली माती?’

‘वाया नाय घालवली. एवढी वरसं कुणी हात लावला नव्हता, म्हणलं भांडणं नको. घरटी एक ट्रॉली दिली. मानाची.’

बाईंनी रेलिंग धरलं. मी जवळ गेले. त्यांचा चेहरा मला माहीत होता, आता ‘हाई काय शे?’ येणार असं वाटलं. तसं काही आलं नाही. दत्तूभाऊने कात्री दिली, बाईंनी रिबीन कापली. शाल घेतली, नारळ घेतला. माइक हातात आला तेव्हा म्हणाल्या, ‘तुम्ही सगळ्यांनी मिळून केलंत. मला... फार कौतुक आहे.’ टाळ्या वाजल्या. फोटो निघाले.

परतताना आम्ही हायवेला लागलो. मग नाही राहवलं. ‘का नाही सांगितलंत?’

‘त्यांची तोंडं बघितलीस ना?’

‘डॉक्टरांचं तोंड नव्हतं बघितलं तुम्ही.’

‘डॉक्टरांना ऐकून घेणं परवडतं, सुनंदा.’

‘आणि आम्हाला नाही?’

त्या बाहेर बघायला लागल्या. ओझर मागे पडलं. नाशकात उतरताना एवढंच म्हणाल्या, ‘आयुष्यात पहिल्यांदा सगळं गाव एका कामाला आलं. त्यावर मी थुंकू?’ मला वाटत होतं, थुंका. निदान आम्ही थुंकण्याच्या लायकीचे आहोत असं तरी समजा.

आणि मग, व्हायचं तेच झालं. खात्यातली फाइल हलली. चर कुठे घ्यायचा ते ठरवायला माणसं आली. कमानीपाशी गाडीतून उतरली, वर जाऊन पेव्हर ब्लॉकवर उभी राहिली आणि एकमेकांकडे बघून हसली. नंतर शेरा आला: स्थळ मूळ स्वरूपात राहिलेलं नाही, वरचे थर नष्ट, उत्खननास अयोग्य. परवानगी कुणाची होती असं त्यांनी जागेवरच विचारलं, तेव्हा दत्तूभाऊने अभिमानाने मोबाइल पुढे केला. बाईंचा रिबीन कापतानाचा फोटो. साहेब म्हणाले, ‘अहो, मग यांनी तुम्हाला सांगितलं नाही, की तुम्ही सगळं घालवलंत?’

गावाला असं कळलं. परक्या माणसाकडून, त्याच्या हसण्यातून.

बाईंनी मला फोन केला. ‘मी गावात येऊन सांगणार आहे. तू काही बोलायचं नाहीस.’ त्या एस.टी.ने आल्या. मी आधीच गावी होते. सभा त्याच शेडमध्ये भरली. पुरुष थोडे होते, दत्तूभाऊ आलाच नाही. बायका सगळ्या होत्या, खाली बसलेल्या. बाई उभ्या राहिल्या. शाळेत उभ्या राहायच्या तशा, ताठ. सगळं सांगितलं. काय होतं, कसं गेलं, आता का काही करता येत नाही. कुणावर ढकललं नाही. शेवटी म्हणाल्या, ‘मला त्याच दिवशी दिसलं होतं.’

ताराकाकी बसल्या जागेवरून म्हणाली, ‘मंग तवाच का नाय सांगितलं?’

‘तारा, तुम्ही एवढ्या हौसेने केलेलं... तुमची तोंडं बघितली, आणि...’

‘आमची तोंडं एवढी गरीब दिसली व्हय तुम्हाला?’

ती ओरडली नव्हती.

‘एवढी वरसं तुमच्या शब्दावर माती सोडली,’ ताराकाकी म्हणाली. ‘त्याच दिवशी बोलल्या असत्या तर घराघरातून ट्रॉल्या माघारी आणून वतल्या असत्या.’

‘त्याने थर परत आले नसते गं.’

‘नसते आले. पर आमाला कळलं असतं ना! रडलो असतो, तुम्हाला शिव्या दिल्या असत्या. त्या सायबानं हसायच्या आधी आमी आमचं रडून मोकळं झालो असतो.’

बाई म्हणाल्या, ‘चुकलंच माझं.’ जरा थांबल्या. मग म्हणाल्या, ‘येते.’

चहा घेऊन जा, असं कुणी म्हणालं नाही. आमच्या गावात भावकीत कोर्टकज्जे चालू असले तरी समोरच्याला चहा विचारतात. बाईंनी पिशवी उचलली आणि त्या नव्या पायऱ्या एकेक करून उतरल्या, रेलिंगला धरून. गुडघा दुखत असणार, प्रत्येक पायरीवर थांबत होत्या. मी उठले नाही, बायकांत बसून राहिले. उठायला हवं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

वरून फाटा दिसतो. बाई उन्हात एकट्या उभ्या होत्या. लांबून एस.टी. आली, त्यांनी हात केला. ड्रायव्हरने बरीच पुढे नेऊन थांबवली. बाई तिच्यामागे निघाल्या. पळणं जमत नव्हतं, पण पळाल्यासारखं करत होत्या. कंडक्टरने दार उघडून धरलं, हात देऊन वर ओढलं.

ताराकाकीने सगळा वेळ रस्त्याकडे पाठ ठेवली होती. तिने वळून न बघताच मला विचारलं, ‘मिळाली का गाडी?’

‘मिळाली,’ मी म्हणाले.